अण्णांचा रविवार

अण्णांसमोर कुणी एखाद्या चित्रपटाला ‘छान’ म्हटलं की ते डोळे मिटून घेत. छान उप्पीट असतं, म्हणत. चित्रपटाबद्दल काहीतरी बोला.

हे आठवायला कारण झालं माझी भाची. गेल्या महिन्यात सर्जापूर रोडवर तिच्या फ्लॅटमध्ये मी चार दिवस राहायला होते. ती स्वयंपाक करत होती आणि ओट्यावर ठेवलेल्या फोनमधून दोन मुलं जुन्या चित्रपटांविषयी गप्पा मारत होती. पॉडकास्ट, ती म्हणाली, दर आठवड्याला ऐकते. मुलं हुशार होती, पुष्कळ चित्रपट पाहिलेली होती. एकमेकांच्या बोलण्यावर मनापासून हसत होती. मध्येच कुणाच्या तरी घरचं कुत्रं भुंकलं, तर त्या कुत्र्यावरही दोघं हसली. भाचीनं विचारलं, मावशी, तुमच्या वेळी असं काही होतं का? मी म्हटलं, होतं, कॅसेटवर होतं. पुढचं सांगत बसले असते तर तिची भाजी करपली असती. म्हणून ते इथं लिहिते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी निपाणीहून बंगळुरात बँकेच्या नोकरीवर आले. शाखा के. आर. पुरमला होती. तेव्हाचं के. आर. पुरम म्हणजे रेल्वे स्टेशन, बाजार, कारखान्यात जाणाऱ्यांची घरं आणि मधूनमधून अजून न विकली गेलेली शेतं. शाखेत सत्यनारायण नावाचे एक खातेदार येत. जवळच्याच टेलिफोन बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात ते नोकरीला होते. एकदा माझ्या काउंटरवर त्यांना चित्रपटांविषयीचं पुस्तक दिसलं. ते थोडा वेळ त्या पुस्तकाकडे आणि थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले, आणि मग कानडीत म्हणाले की रविवारी सकाळी मोकळ्या असाल तर एका माणसाकडे नेतो, मात्र वेळेवर यावं लागेल.

तो माणूस म्हणजे अण्णा. नाव मुरारराव. तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे येऊन राहिलेल्या मराठी घराण्यातले. कारखान्यात इंजिनिअर होते. उंच, काटकुळे, कायम पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि चष्मा इतका स्वच्छ पुसलेला की काच आहे की नाही कळू नये. त्यांच्या मराठीत कानडी अशी मुरलेली होती की थोडंसं या अर्थी ‘स्वल्प’ आणि ठीक आहे या अर्थी ‘सरी’ हे शब्द मराठी नाहीत असं सांगितलं असतं तर त्यांना पटलं नसतं.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं. निपाणी म्हटल्यावर मी कायमची ‘निपाणी’ झाले. सत्यनारायण मंड्या गावचे म्हणून ‘मंड्या’ होते. एक हुबळी होते, एक तुमकूर. रविवारी सकाळी जमून चित्रपट बघणाऱ्या आठ-दहा जणांच्या त्या मंडळात मी एकटीच बाई, आणि त्याचा मला मनातून अभिमान होता. चित्रपट संपला की अण्णा एकेकाकडे वळत. “हं, निपाणी, तुम्हाला काय दिसलं?” बँकेच्या मुलाखतीत धडधडली नव्हती एवढी छाती त्या प्रश्नानं धडधडे.

कारखान्यात ते नेमकं काय करत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण त्याविषयी ते बोलतच नसत. तिथं पगार मिळतो, एवढंच म्हणत. बाहेरच्या खोलीत खिडक्यांना काळी घोंगडी ठोकलेली. एका टेबलावर टीव्ही आणि व्हीसीआर. शेवटचं नाव पडद्यावरून जाईपर्यंत कुणी हलायचं नाही, कॅमेऱ्याच्या मदतनिसाच्या मदतनिसाचंही नाव वाचायचं. रडायचं नाही. रडलात म्हणजे बघायचं थांबवलंत, असं त्यांचं म्हणणं. एकदा तुमकूरच्या डोळ्यांत पाणी आलं तर अण्णांनी फिल्म मागं घेऊन तोच प्रसंग त्यांना पुन्हा दाखवला, तिसऱ्यांदा दाखवला, पाणी थांबेपर्यंत दाखवला. मग विचारलं, आता सांगा, दिवा कुठल्या बाजूला होता?

हे वाचून कुणाला वाटेल की आम्ही का जात होतो. जात होतो, कारण त्या खोलीतून बाहेर पडल्यावर जग वेगळं दिसे. अण्णांचं एक वाक्य मी अजून विसरलेले नाही. ते म्हणत, माणूस खोलीतून बाहेर गेला की आपण त्याच्या मागं जातो. जाऊ नका, खोलीकडे बघा. मग ते रिकाम्या खोलीचं एकच दृश्य थांबवून ठेवत, आणि सरकलेल्या खुर्चीवरून, अर्ध्या प्यालेल्या पेल्यावरून गेलेल्या माणसाचं मन वाचून दाखवत. त्या दिवशी घरी जाताना मला स्टेशनवरचं रिकामं बाकडंसुद्धा बोलतंय असं वाटलं होतं. एवढं देणारा दुसरा शिक्षक मला भेटला नाही. म्हणूनच पुढचं लिहिताना हात जड होतो.

त्यांच्या निष्ठेच्या गोष्टी मंडळात पुनःपुन्हा सांगितल्या जात. मॅजेस्टिक बसस्टँडच्या बाजूच्या एका थिएटरात पडद्यावरच्या सगळ्या माणसांची डोकी कपाळापासून कापली जात होती. प्रोजेक्टरवाल्यानं चौकट नीट लावली नव्हती. पब्लिकला काही वाटत नव्हतं, गाण्यावर शिट्ट्या चालल्या होत्या. अण्णा उठून उभे राहिले आणि मागं वळून प्रोजेक्टरच्या झरोक्याकडे हात करून थांबले. लोकांनी आरडाओरडा केला, कुणी शेंगा फेकल्या, डोअरकीपर येऊन दंडाला धरून ओढू लागला. अण्णा बसले नाहीत. शेवटी वर कुणाला तरी कळलं आणि डोकी जागेवर आली. तेव्हा अण्णा खुर्चीवरची पिशवी उचलून बाहेर पडले. चित्रपट त्यांनी आधी दोनदा पाहिलेला होता. मंड्या ही गोष्ट सांगत तेव्हा अण्णा गालात हसत, आणि आम्ही सगळे पोट धरून हसायचो.

दुसरी गोष्ट अण्णांच्या सासूबाई वारल्या तेव्हाची. बायकोचं माहेर संडूरचं. निरोप आला त्याच दिवशी शहरात एका परदेशी चित्रपटाची प्रिंट आली होती, एकच दिवस दाखवणार होते. अण्णांनी बायकोला बसमध्ये बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली, आणि स्टँडवरून सरळ थिएटर गाठलं. दुसऱ्या दिवशी ते संडूरला गेले. हीसुद्धा गोष्ट हसून सांगितली जाई. अण्णांचं सिनेमावेड केवढं, हे पटवून द्यायला.

आता कॅसेटचं सांगते. स्टुलावर टेप ठेवलेला असे. चर्चा सुरू झाली की मंड्या लाल बटण दाबत. चर्चा मराठीत सुरू होई, कानडीत जाई, पुन्हा मराठीत येई. त्या कॅसेटच्या नकला काढून अण्णा बेळगाव, धारवाड, निपाणी, पुण्याला पाठवत. तिथं लोक त्या ऐकत, पुढं कुणाला तरी देत, पोस्टकार्डं पाठवत. माझ्या गावच्या हायस्कुलातले एक सर मला सुट्टीत म्हणाले होते की आम्ही चित्रपट कुठून बघणार, पण मुरारराव बोलतात ना, आम्हाला दिसतो. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण त्या रविवारी नेहमीपेक्षा जास्त बोलले.

कॅसेटवर दुसरा आवाज आलेला त्यांना खपत नसे. स्टेशनवरून गाडी गेली की त्यांचा हात वर होई, मंड्या टेप थांबवत. गाडीचं काही करता येत नव्हतं. घरातल्या आवाजाचं करता येत होतं. एकदा ऐन बोलण्यात आतून कुकरची शिट्टी झाली. अण्णा उठून आत गेले, काय बोलले ते ऐकू आलं नाही, आणि त्यानंतर रविवारी सकाळी त्या घरात कुकर लागला नाही. अक्का पहाटे उठून सगळं आटपून ठेवायच्या.

अक्का म्हणजे त्यांची पत्नी, राधाबाई. बुटक्या, सावळ्या, बोटांना सतत कसलातरी पिवळा डाग. मध्यंतराला कॉफी आणि उप्पीट यायचं. ट्रे दाराशी ठेवल्याचा आवाजही होत नसे. आम्हा सगळ्यांना अण्णांनी गावांची नावं दिली होती. बायकोला मात्र ते कशानंच हाक मारत नसत. ‘ऐकलं का’ असंसुद्धा नाही. मान थोडी मागं वळवली की अक्कांना कळे. मी कप ठेवायला आत जायची तेव्हा त्या विचारत, आज कशाचा होता? मी दोन वाक्यांत सांगायची. त्या ऐकून घेत आणि म्हणत, मग ती बाई गेली का परत घरी? त्यांना नेहमी पुढचं काय झालं ते हवं असे. मी हसून म्हणे, अक्का, पिक्चर तिथंच संपला. त्या म्हणत, असं कसं संपलं.

त्यांची एकुलती मुलगी वीणा. लहानपणापासून अण्णांच्या स्कूटरवर पुढं उभी राहून थिएटरांत गेलेली. अण्णांनी तिला जवळ घेऊन कधी गोष्ट सांगितली नसेल, पण कुठला प्रसंग कुठल्या कोनातून घेतलाय हे ती शाळेत असताना सांगू शकत होती. ती चित्रपट शिकायला पुण्याला गेली तेव्हा अण्णांनी मंडळात पेढे वाटले, आणि पेढा छान आहे म्हणायला त्या दिवशी सर्वांना परवानगी होती. ते विनोद करत ते असे.

शिक्षण संपताना वीणानं अर्ध्या तासाचा एक चित्रपट केला. व्हीएचएसवर उतरवून ती घरी घेऊन आली. अण्णांनी मंडळाला आधीच बजावून ठेवलं की इतर कुठल्याही चित्रपटासारखी चर्चा होईल, कॅसेट निघेल. “माझी मुलगी म्हणून सवलत नाही,” ते म्हणाले. आम्हाला ते योग्यच वाटलं. अण्णांकडून दुसरं काय येणार.

त्या रविवारी वीणानं हॉटेलातून इडल्या मागवल्या. अक्कांना तिनं चूल पेटवू दिली नाही. हाताला धरून तिनं त्यांना बाहेरच्या खोलीत आणलं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. एवढ्या वर्षांत अक्का त्या खोलीत बसलेल्या मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं होतं. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या, केव्हाही उठावं लागेल अशा.

चित्रपटात एक बाई होती. स्वयंपाकघरात वावरणारी. बाहेर पुरुषांची चर्चा चाललेली, ती फक्त ऐकू येते, दिसत कुणी नाही. बाई कप मांडते, पुसते, पुन्हा मांडते. तिच्या तोंडी एकही शब्द नाही. एका लांबलचक प्रसंगात ती कुकरसमोर उभी असते, शिट्टी होणार असं दिसतं, आणि आवाज होऊ नये म्हणून ती फडक्यानं शिट्टी दाबून धरते. वाफ तिच्या मनगटावर येते. ती हात काढत नाही. बाहेर कुणीतरी प्रकाशयोजनेबद्दल बोलत राहतं.

शेवटचं नाव जाईपर्यंत कुणी हललं नाही. त्या दिवशी नियमामुळे नव्हे. माझ्या शेजारी अक्कांचा श्वास मला ऐकू येत होता. मंड्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. त्या खोलीत सगळ्यांना कळलं होतं.

अण्णांनी चष्मा पुसला, हातानं खूण केली, मंड्यांनी बटण दाबलं. अण्णा बोलू लागले.

ते फार चांगलं बोलले. हे मी आजही कबूल करते. उजेड खिडकीतून कसा सरकत जातो, वाफेचा वापर, आवाज आणि चित्र यांची फारकत, सगळं त्यांनी उलगडून दाखवलं. वीणाच्या चेहऱ्यावर थोडी आशा दिसायला लागली होती. मग ते म्हणाले की तंत्र उत्तम, पण चित्रपट खोटा आहे.

“ही बाई खोटी आहे,” ते म्हणाले. “एवढी वर्षं बाहेर बोलणं चाललंय आणि हिला एकदाही बाहेर यावंसं वाटत नाही? असं माणूस नसतं. दिग्दर्शिकेनं हिला माणूस केलंच नाही. फर्निचर केलंय.”

वीणानं हळू आवाजात विचारलं, अण्णा, तुम्ही ओळखलं नाही? त्यांनी विचारलं, काय ओळखायचं? आणि ते खरंच विचारत होते. सोंग नव्हतं. तो चेहरा मला अजून दिसतो. एखादा संदर्भ आपल्या नजरेतून निसटला की काय, अशी काळजी होती त्यावर.

तेव्हा अक्का बोलल्या. बसल्या जागेवरून, टेपकडे बघत.

“एकदा यावंसं वाटलं होतं,” त्या म्हणाल्या. “तो आंधळ्या म्हाताऱ्याचा पिक्चर होता. आवाजावरून वाटलं, बघावं. हात पुसून दारात येऊन उभी राहिले. तुम्ही मागं न बघता म्हणालात, उजेड येतोय, दार लावा. मी लावलं. मग नाही वाटलं कधी.”

आपण चुकलो, एवढं अण्णांनी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. निदान गप्पच राहिले असते तरी चाललं असतं. पण बटण दाबलेलं होतं, आणि चर्चा चालू होती.

“सरी,” ते म्हणाले. “पण हे चित्रपटात नाही. चित्रपटात जे नाही ते मला कसं दिसणार?”

अक्कांनी मान हलवली. रागानं नव्हे. दुकानात हवी ती वस्तू नाही असं कळल्यावर गिऱ्हाईक हलवतं तशी. त्या उठल्या आणि इडल्या वाढायला आत गेल्या. वीणा त्यांच्या मागून गेली. मंड्यांनी कुणी न सांगता टेप बंद केला. एवढ्या वर्षांत ते पहिल्यांदाच अण्णांच्या खुणेची वाट न बघता टेपला हात लावत होते.

इथंच संपलं असतं तर मी कदाचित अण्णांची बाजू घेऊन लिहिलं असतं. म्हटलं असतं की चित्रपटाच्या बाबतीत त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. पण दोन आठवड्यांनी कॅसेट निघाली. अण्णांनी मंड्यांना सांगितलं होतं की शेवटचा भाग काढून टाका, अप्रस्तुत आहे. मंड्यांनी नकार दिला. अठरा वर्षं एका बाकावर डबा खाल्लेला तो माणूस म्हणाला की मला हे जमणार नाही, आणि पुन्हा त्या घरी आला नाही. मग अण्णांनी स्वतःच बसून नक्कल केली. अक्कांचा आवाज कापला. वीणाचा प्रश्न कापला. स्वतःचं विवेचन तेवढं ठेवलं, ‘फर्निचर केलंय’ इथपर्यंत. बेळगाव, धारवाड, पुणे, सगळीकडे कॅसेट गेली.

लोकांना ती सगळ्यात जास्त आवडली. स्वतःच्या मुलीलाही न सोडणारा परखड समीक्षक, असं पोस्टकार्डांतून आलं. माझ्या हायस्कुलातल्या सरांनी तर कौतुकानं लिहिलं होतं की असा बाप पाहिजे. अण्णांनी ते कार्ड मला दाखवलं. मी वाचून परत दिलं. पुण्यात वीणाच्या मित्रांनी ती कॅसेट चहा पिताना लावली होती, आणि ती आत येताच घाईनं बंद केली, हे मला पुढं तिच्याकडून कळलं.

काही दिवसांनी अक्का पंधरवड्यासाठी म्हणून वीणाकडे पुण्याला गेल्या. जाताना त्या मला भेटायला बँकेत आल्या. हातात एक छोटी ट्रंक आणि जेवणाचा डबा. काउंटरपलीकडे उभ्या राहून म्हणाल्या, ‘जाऊन येते’ म्हणायचं असतं ना गं, पण जीभ वळत नाही. एवढंच. मी स्टेशनवर सोडायला येऊ का विचारलं, तर नको म्हणाल्या, वीणा आलीय न्यायला. त्या परत आल्या नाहीत.

मंडळ एका दिवसात मोडलं नाही. माणसं एकेक करून कमी झाली. कुणाच्या घरी केबल आली. हुबळींचा मुलगा कोरमंगलात कंप्युटरच्या कंपनीत लागला, ते तिकडे राहायला गेले. तुमकूर काही दिवस येत होते, मग त्यांच्या गुडघ्याचं दुखणं निघालं. खरं कारण कुणी तोंडानं बोललं नाही. अण्णांनी कधी विचारलंही नाही. मी अधूनमधून जायची. कॉफी ते स्वतः करत, पाण्यासारखी. उप्पीट नव्हतं. बोलणं तसंच धारदार होतं, पण त्या खोलीत एकटीनं ते ऐकताना मला गुदमरल्यासारखं व्हायचं. रिकाम्या खुर्च्या त्यांनी उचलून ठेवल्या नव्हत्या. त्या खुर्च्यांवरून त्यांना काही वाचता येत होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मग अक्का आजारी पडल्याचा फोन वीणानं मला बँकेत केला. अण्णांना सांग, म्हणाली, यायचं तर येऊ देत, नाही तर राहू देत. मी त्याच संध्याकाळी गेले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, शुद्धीवर आहे ना? मी हो म्हटलं. मग म्हणाले, रविवार झाला की जातो. त्या रविवारी यायला कुणीही नव्हतं. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

ते गेले, आणि चार दिवसांत परत आले. अक्का तोवर बऱ्या झाल्या होत्या. अण्णांना भेटून मी विचारलं, अक्का कशा आहेत? अण्णा बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

“बसा म्हणाली,” ते म्हणाले. “पाणी दिलं. मग विचारलं, प्रवास कसा झाला?” मग पुन्हा म्हणाले, “निपाणी, तिनं मला प्रवास कसा झाला ते विचारलं.”

केव्हा येणार असं त्यांनी विचारल्यावर अक्का म्हणाल्या होत्या की इथं बरं आहे. वीणानं मला फोनवर सांगितलं की आई आता शेजारणींबरोबर दर आठवड्याला थिएटरात जाते, मारामारीचे पिक्चर तिला आवडतात, मध्यंतरात भजी खाते आणि शेवटी सगळं नीट झालं की मोठ्यानं टाळ्या वाजवते. हे मी अण्णांना सांगितलं नाही. सांगून काही उपयोग झाला असता असं वाटत नाही.

मला त्यांची दया आली असं लिहिलं तर गोष्ट गोड होईल. आली नाही. त्या माणसानं मला बघायला शिकवलं, आणि मी शिकल्याप्रमाणे बघत होते, एवढंच.

पुढं माझी बदली हुबळीला झाली. निघायच्या आधीच्या आठवड्यात सामान बांधायला सुतळी हवी होती म्हणून मी के. आर. पुरमच्या संतेत गेले होते. आठवड्याचा बाजार, भर दुपारची गर्दी. पालेभाजीवाल्या बायकांच्या ओळीत मला अण्णा दिसले. हातात कापडी पिशवी, शर्ट इस्त्रीचा नव्हता. समोरच्या जुड्यांकडे ते नुसते पाहत उभे होते, कुठली कसली हे कळत नसल्यासारखे. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं, तेवढ्यात भाजीवालीनं मान वर केली. वर्षानुवर्षं अक्कांना भाजी देणारी बाई असावी. तिनं त्यांना ओळखलं आणि हसून विचारलं, “अम्मा बरलिल्वा?” अक्का नाही आल्या?

अण्णा म्हणाले, “बर्ताइद्दारे. हिंदे.” येतायत, मागून.

बाईनं त्यांच्या खांद्यावरून मागं गर्दीत पाहिलं. मग अण्णांनीही वळून तिकडे पाहिलं.